टक् आवाजामागचा माणूस : जोसेफ हेन्री

घरातल्या फ्रिजला जोडलेला व्होल्टेज स्टॅबिलायझर मधूनच 'टक्' असा आवाज करतो, तो तुम्ही ऐकलाच असेल. वीज गेली की इन्व्हर्टरही तसाच टक् करतो. या डब्यांच्या पोटात काडेपेटीपेक्षा लहान अशी एक वस्तू असते, तिचे नाव रिले. रचना अगदी साधी आहे. तारेचे एक वेटोळे, त्याच्या मध्ये लोखंडाचा तुकडा आणि समोर स्प्रिंगवर तोललेली एक पट्टी. वेटोळ्यातून थोडीशी वीज गेली की लोखंडाचे चुंबक होते, ते पट्टीला टक् करून ओढते आणि ती पट्टी दुसऱ्याच एका मोठ्या विजेचा रस्ता जोडते किंवा तोडते. लहान वीज काम करीत नाही, ती फक्त हुकूम देते. काम करणारी वीज तिथल्या तिथे तयार उभी असते. पूर्वी डाकेचे घोडे टप्प्याटप्प्यावर बदलत, थकलेला घोडा थांबे आणि ताजा पुढे निघे. त्या ताज्या घोड्यांवरूनच रिले हा शब्द आला.

ही युक्ती एका शिक्षकाने १८३५ च्या सुमारास आपल्या वर्गात, विद्यार्थ्यांना गंमत दाखविण्यासाठी प्रथम करून दाखविली. त्यांचे नाव जोसेफ हेन्री. या अंकात त्यांचे चरित्र देण्याचे आम्ही ठरविले, त्याला कारणही आहे, ते पुढे येईलच.

जोसेफ हेन्री यांचा जन्म १७ डिसेंबर १७९७ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, ऑल्बनी या गावी झाला. स्कॉटलंडहून येऊन स्थायिक झालेले हे घराणे. वडील मोलमजुरी करीत आणि ते लवकरच वारले. घरची परिस्थिती अशी की मुलाला गॅलवे नावाच्या खेड्यात आजीकडे ठेवावे लागले. तिथे शाळा अर्धा वेळ आणि उरलेला वेळ दुकानात नोकरी. हेन्री यांनी पुढे स्वतःच सांगितलेली एक आठवण आहे. पाळलेला ससा पळाला म्हणून त्याच्यामागे ते गावातल्या चर्चच्या जोत्याखाली शिरले, आणि फटीतून वर आले ते थेट एका पुस्तकांच्या खोलीत. ससा मिळाला की नाही, ते राहू द्या, पुस्तके मिळाली. पण ती सारी कथा-कादंबऱ्यांची. पुढे ऑल्बनीला परत येऊन ते घड्याळे व चांदीकाम करणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी करू लागले. तिथे त्यांचे मन रमले नाही. नाटकाचे मात्र वेड लागले, हौशी मंडळींत कामे केली, नाटके लिहिलीही. हा मुलगा नट होणार असेच सर्वांना वाटत होते.

सोळाव्या वर्षी आजारपणात घरी पडून असताना आईकडे राहणाऱ्या एका भाडेकरूचे पुस्तक त्यांच्या हाती आले. जॉर्ज ग्रेगरी नावाच्या लेखकाचे ते साध्या भाषेतले विज्ञानाचे पुस्तक होते. वर फेकलेला दगड खालीच का येतो, धूर वर का जातो, असल्या प्रश्नांनी भरलेले. भाडेकरूने ते पुस्तक त्यांना देऊनच टाकले आणि हेन्री यांनी ते जन्मभर जपून ठेवले.

यानंतरची वाट सोपी नव्हती. वय मोठे झालेले, पाया कच्चा. रात्रीच्या शिकवण्या घेऊन, खेड्यातल्या शाळेत शिकवून आणि श्रीमंतांच्या मुलांना घरी जाऊन शिकवून त्यांनी ऑल्बनी अकादमीत शिक्षण पुरे केले. मध्ये काही महिने हडसन नदीपासून एरी सरोवरापर्यंतच्या रस्त्याच्या मोजणीवर नोकरी केली. १८२६ साली त्याच अकादमीत ते गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. प्राध्यापक म्हटले तरी काम शाळामास्तराचेच. रोज सात तास शिकवणे, त्यातला निम्म्याहून अधिक वेळ लहान मुलांना अंकगणित घोटवून घेण्यात जाई. प्रयोगांसाठी मोठी खोली मिळे ती फक्त ऑगस्टच्या सुट्टीत. सुट्टी संपली की सगळे सामान गुंडाळून ठेवायचे आणि पुढच्या ऑगस्टची वाट बघायची. आमच्या शिक्षक बंधू-भगिनींना हे वाचून आपले कोणीतरी भेटल्यासारखे वाटेल.

त्या काळी विद्युतचुंबक ही नवलाची वस्तू होती. इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी (हेही मूळचे चांभारकाम शिकलेले) घोड्याच्या नालासारख्या लोखंडाला व्हार्निश लावून त्यावर उघड्या तारेचे थोडे विरळ वेढे दिले होते. त्या चुंबकाने चारेक किलो वजन उचलले. हेन्री यांनी विचार उलटा केला. लोखंडाला वेष्टन देण्यापेक्षा तारेलाच रेशीम गुंडाळले तर? मग वेढे एकमेकांना चिकटून, एकावर एक थर देऊनही बसविता येतील. तारेला हाताने रेशीम गुंडाळण्याचे हे काम किती कंटाळवाणे असेल याची कल्पना करा. पण परिणाम असा झाला की १८३१ साली येल येथील प्राध्यापक सिलिमन यांच्यासाठी बनविलेल्या चुंबकाने २,०६३ पौंड, म्हणजे सुमारे ९३५ किलो वजन तोलून धरले. त्या चुंबकाचे स्वतःचे लोखंड साठ पौंडही भरत नव्हते.

मात्र आमच्या मते हेन्री यांची खरी मोठी गोष्ट ते वजन नव्हे. त्यांनी बारकाईने पाहिले की चुंबक दोन जातींचे असतात. एकाला अनेक आखूड तारा वेगवेगळ्या जोडायच्या आणि मोठ्या पत्र्यांचा एकच विद्युतघट द्यायचा. हा चुंबक प्रचंड वजन उचलतो, पण घट अगदी जवळ लागतो. दुसऱ्याला एकच लांबलचक तार, पुष्कळ वेढे, आणि घट मात्र एकापुढे एक असे अनेक जोडलेले. याची ओढ कमी, परंतु तो दुरूनही काम करतो. इंग्लंडमधील पीटर बार्लो यांनी १८२५ च्या सुमारास असा निष्कर्ष काढला होता की तार लांब झाली की परिणाम इतका घटतो की विजेची तारयंत्रे होणे शक्य नाही. हेन्री यांनी वादविवाद केला नाही. अकादमीच्या भिंतींभोवती एक मैलाहून अधिक तार फिरविली, एका टोकाला घट आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या जातीचा चुंबक ठेवला. वीज सोडताच चुंबकाजवळची पोलादी दांडी फिरून घंटेवर आदळली. तारेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाची घंटा वाजली.

१८३२ साली त्यांना प्रिन्स्टन येथील महाविद्यालयात बोलावले गेले. आपण कोणत्याही महाविद्यालयाचे पदवीधर नाही आणि बहुतेक सारे स्वतःच शिकलो आहोत, हे त्यांनी नेमणुकीपूर्वी पत्राने स्पष्ट कळविले. तरीही नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. चुंबकाकडून वीज निर्माण करता येते हे त्यांनी स्वतंत्रपणे पाहिले होते. परंतु लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी तो शोध आधी जाहीर केला, त्यामुळे मान फॅरेडेंचा आणि तो योग्यच. ऑगस्टची खोली आणि सात तासांचे अंकगणित यांची किंमत हेन्री यांनी इथे चुकविली. पण त्या निबंधाच्या शेवटी एक लहानशी नोंद होती, ती सर्वस्वी त्यांची. लांब तारेतून वाहणारी वीज एकदम तोडली तर तोडण्याच्या जागी मोठी ठिणगी पडते. आखूड तारेत ती पडत नाही. तारेचे वेटोळे केले तर ठिणगी आणखी मोठी. जणू वेटोळ्याला वाहती वीज सोडवत नाही, आणि तोडू गेल्यास ते स्वतःच जोराने वीज ढकलते. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो, तिथे याला स्वप्रेरण म्हणत. मराठी पुस्तकांत प्रेरणचे प्रवर्तन होते. नाव काहीही असो, ही ठिणगी लक्षात ठेवा.

प्रिन्स्टनच्या वर्गात हेन्री विद्यार्थ्यांना दोन्ही जातींचे चुंबक एकत्र दाखवीत. मोठ्या चुंबकाला जड वजन टांगलेले. त्याच्या विजेच्या रस्त्यात एका ठिकाणी पाऱ्याची वाटी, तीत बुडालेले तारेचे टोक. ते टोक लांब तारेच्या छोट्या चुंबकाने उचलायचे. दूरवरून एक क्षीण विद्युतधारा येई, छोटा चुंबक तारेचे टोक पाऱ्यातून वर काढी, मोठ्याची वीज तुटे आणि शेकडो पौंडांचे वजन धाडकन खाली येई. वर्ग दचकत असे. हाच रिले. हेन्री यांनी आपल्या प्रयोगशाळेपासून घरापर्यंत मैदानावरून तारही नेली होती आणि तिच्यावरून ते पत्नीला संदेश पाठवीत. परतीच्या तारेऐवजी त्यांनी जमिनीचाच उपयोग केला. या सर्व प्रयोगांत पुढे सॅम पार्कर नावाचा एक स्वतंत्र कृष्णवर्णीय मदतनीस त्यांच्या हाताखाली होता; यंत्रे सांभाळण्यात तो तरबेज असून अनेकदा विजेचे धक्केही त्यानेच सोसले.

आता आमच्या कारणाकडे येतो. सकाळची प्रार्थना कार्यालयाजवळच्या माइकवरून होते, पण मागच्या नव्या इमारतीत आवाज पोहोचावा म्हणून तिथे दुसरा ॲम्प्लिफायर आहे आणि तो चालू करायला रोज कोणाला तरी धावत जावे लागे. यंदा दहावीच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली एक पेटी बनविली. पुढच्या ॲम्प्लिफायरवर आवाज आला की ती मागचा आपोआप सुरू करते, आणि प्रार्थना संपल्यावर एक-दोन मिनिटांत बंदही करते.

पालकांना यातले तत्त्व समजावे म्हणून थोडे सांगतो. ॲम्प्लिफायरकडून स्पीकरकडे जाणारा विजेचा संदेश सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो. असा संदेश सरळ रिलेला दिला तर तो नीट ओढणार नाही, नुसता थरथरेल. म्हणून त्या दोन तारांवरून थोडा संदेश घेऊन तो आधी एका डायोडमधून जाऊ दिला. डायोड एकाच दिशेची वीज पुढे सोडतो. ती एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. बोलणाऱ्याने श्वास घेतला, दोन ओळींमध्ये थांबला, तरी साठा टिकून राहतो. त्यापुढे ट्रान्झिस्टरची जोडी. तिला जागे करायला सुमारे १.३ व्होल्ट लागतात, डायोड स्वतः ०.७ व्होल्ट खातो, म्हणजे संदेशाचे शिखर २ व्होल्टच्या वर गेले तरच काही घडते. आठ ओहमच्या स्पीकरवर इतका संदेश म्हणजे अवघा पाव वॉट. पण ॲम्प्लिफायरची रिकामी घरघर याच्या कितीतरी खाली असते, त्यामुळे घरघरीने पेटी फसत नाही. ट्रान्झिस्टर जागा झाला की १२ व्होल्टच्या रिलेतून सुमारे ३० मिलिअँपिअर वीज जाते आणि टक्! मागच्या इमारतीचा २३० व्होल्टचा पुरवठा जोडला जातो. रिलेचा आणखी एक गुण मुलांनी मोजून पाहिला. पट्टी ओढून घ्यायला जास्त वीज लागते, ओढलेली धरून ठेवायला बरीच कमी. त्यामुळे आवाज थोडा वरखाली झाला तरी रिले टकटक करीत बसत नाही. (२३० व्होल्टची जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनने केली. मुलांनी घरी प्रयोग करायचा तर १२ व्होल्टचा बल्बच लावावा, ही आमची सक्त सूचना.)

त्या पेटीत रिलेच्या वेटोळ्याला उलटा जोडलेला एक लहान डायोड आहे. आवाज चालू असताना तो काहीही करीत नाही. प्रार्थना संपते, ट्रान्झिस्टर रिलेची वीज तोडतो, आणि त्या क्षणी वेटोळे १८३२ च्या निबंधात लिहिले आहे तेच करते: वीज सोडायला तयार होत नाही, उलट स्वतःच मोठा व्होल्टेज उभा करते. तो डायोड नसेल तर तो झटका बिचाऱ्या ट्रान्झिस्टरवर बसतो आणि तो जळू शकतो. डायोड त्या विजेला वेटोळ्यातच फिरून विरून जायला वाट देतो. म्हणजे दोन-चारशे रुपयांच्या या पेटीत हेन्री यांचे दोन शोध शेजारी शेजारी बसले आहेत, एक काम करतो आणि दुसऱ्यापासून पेटीला सांभाळावे लागते.

हेन्री यांनी यातल्या कशाचेही पेटंट घेतले नाही. विज्ञानाचे ज्ञान सर्वांचे असते, ते अडवून पैसा करणे त्यांना शोभादायक वाटत नसे. सॅम्युअल मोर्स हे मूळचे चित्रकार. तारयंत्राची कल्पना त्यांनी धरली, पण त्यांचा संदेश थोड्याच अंतरावर विरून जाई. लिओनार्ड गेल नावाच्या प्राध्यापक मित्राने त्यांना हेन्री यांचा १८३१ चा निबंध दाखविला, घट आणि वेढे वाढवायला सांगितले आणि अंतर वाढले. १८३९ साली मोर्स स्वतः हेन्री यांना भेटले. विचारले ते सारे हेन्री यांनी सांगितले आणि १८४२ मध्ये त्यांच्या कामाला पाठिंबा देणारे पत्रही दिले. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार गेली आणि मोर्स जगप्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी तारयंत्राच्या इतिहासावर पुस्तक लिहिले, त्यात हेन्री यांच्या कामाला जवळजवळ स्थानच नव्हते. पेटंटचे खटले सुरू झाल्यावर १८४९ मध्ये हेन्री यांना साक्षीला बोलावले गेले आणि त्यांनी घडले तसे सांगितले. मोर्स चिडले. १८५५ मध्ये त्यांनी लांबलचक लेख छापून हेन्री यांचा तारयंत्रात काहीच वाटा नाही असे म्हटले, त्यांच्या सत्यवादीपणावरही शंका घेतली. हेन्री यांनी उलट लेख लिहिला नाही. आपल्या संस्थेच्या नियामक मंडळाला चौकशीची विनंती केली. १८५७ च्या अहवालात ते निर्दोष ठरले.

पेटंट न घेण्याबद्दल हेन्री यांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. पण लिहून छापून ठेवण्यात ते नेहमीच उशीर करीत, आणि वर्गात दाखविलेल्या रिलेचा तर त्यांनी वेळेवर स्वतंत्र निबंधच केला नाही. इंग्लंडमध्येही त्याच सुमारास तशीच युक्ती इतरांनी योजली होती. वर्गातल्या मुलांच्या आठवणी हा न्यायालयात दुबळा पुरावा ठरतो.

वर ज्या संस्थेचा उल्लेख आला ती वॉशिंग्टनची स्मिथसोनियन. जेम्स स्मिथसन नावाच्या इंग्रज गृहस्थाने, कधीही अमेरिकेत पाऊल न ठेवता, ज्ञानाच्या वाढीसाठी आणि प्रसारासाठी पाच लाखांहून अधिक डॉलर ठेवले होते. १८४६ साली हेन्री तिचे पहिले सचिव झाले आणि मरेपर्यंत, बत्तीस वर्षे, त्या पदावर राहिले. भव्य इमारतीवर पैसा घालवू नये, तो संशोधन आणि प्रकाशनावर खर्चावा, यासाठी ते अखंड भांडले. (आमच्या विश्वस्तांनी हे वाक्य दोनदा वाचावे, ही नम्र विनंती.) इमारत झालीच. १८६५ च्या जानेवारीत तिला आग लागली आणि हेन्री यांची पुष्कळ कागदपत्रेही जळाली. तारयंत्राचा पैसा त्यांना मिळाला नाही, पण उपयोग त्यांनी देशासाठी करून घेतला. १८४९ पासून तारघरांकडून हवामानाच्या बातम्या मागवून, देशभर शेकडो स्वयंसेवक निरीक्षक नेमून त्यांनी मोठ्या नकाशावर कुठे पाऊस, कुठे ऊन हे दाखवायला सुरुवात केली. वादळे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेला सरकतात, म्हणजे पश्चिमेची तार आली की पूर्वेला आधीच सावध करता येते, हे त्यातून व्यवहारात आले.

एक गोष्ट मात्र लपविणे बरोबर होणार नाही. १८६२ साली गुलामगिरीविरुद्धच्या व्याख्यानमालेत फ्रेडरिक डग्लस या थोर कृष्णवर्णीय वक्त्याला स्मिथसोनियनच्या सभागृहात बोलू देण्यास हेन्री यांनी नकार दिला. ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅम पार्करने इतकी वर्षे हात दिला, त्यांनी असे करावे हे आम्हांला खटकते. संस्थेला राजकारणापासून दूर ठेवायचे होते, असे त्यांचे समर्थन करता येईल. पण आड आला तो वक्त्याचा रंग.

म्हातारपणीही त्यांच्याकडे तरुण येत. १८७५ च्या मार्चमध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा सत्तावीस वर्षांचा तरुण तारेवरून माणसाचा आवाज पाठविण्याची कल्पना घेऊन आला. विजेचे ज्ञान आपल्याला नाही, अशी अडचण त्याने सांगितली. सत्याहत्तर वर्षांच्या हेन्री यांनी एवढेच सांगितले की मग ते मिळव. बेलने पुढे मान्य केले की या भेटीमुळेच त्याचा धीर टिकला. पुढल्याच वर्षी टेलिफोन बोलू लागला.

स्वतः हेन्री शेवटची वर्षे आवाजाचाच अभ्यास करीत होते. दीपगृहांच्या मंडळावर ते १८५२ पासून होते आणि १८७१ पासून अध्यक्ष. धुक्यात दिवा दिसत नाही तेव्हा जहाजांना सावध करायला मोठे भोंगे लावत. तोच भोंगा एखाद्या दिवशी कित्येक मैल ऐकू येई आणि एखाद्या दिवशी जवळच्या जहाजालाही नाही. हेन्री उतारवयात बोटीतून फिरत कान देऊन बसत, वाऱ्याची दिशा टिपत. वर आणि खाली वाऱ्याचा वेग वेगळा असला की आवाजाची वाट वाकते, हे कारण त्यांनी तपासून पाहिले. याच कामावर असताना १८७७ च्या डिसेंबरमध्ये त्यांचा उजवा हात एकाएकी लुळा पडला. १३ मे १८७८ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. अंत्यविधीला राष्ट्राध्यक्ष हेज उपस्थित होते.

१८९३ साली शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने वेटोळ्याच्या त्या हट्टी गुणाच्या मापाला त्यांचे नाव दिले. विजेचा प्रवाह सेकंदाला एक अँपिअर या गतीने बदलत असता वेटोळ्यात एक व्होल्ट उभा राहिला, तर ते वेटोळे एक हेन्रीचे. बारावीच्या पुस्तकात ओहम, व्होल्ट, अँपिअर आणि फॅरेडेंच्या नावाचा फॅरड यांच्या रांगेत हेन्रीही उभा आहे.